हवेचा हातोडा

माझा डावा अंगठा घणाखाली सापडला, तेव्हा रबाळ्याच्या आमच्या गॅरेजात पाण्याचा टँकर उभा होता आणि उस्ताद नि मी त्याच्या पुढच्या चाकाची किंगपिन काढत होतो. किंगपिन म्हणजे जिच्यावर पुढचं चाक डावीउजवीकडे वळतं ती जाड लोखंडी पिन. नवी असते तेव्हा निमूट आत जाते. पण ज्या टँकरला वर्षानुवर्षं कुणी ग्रीस दाखवलेलं नसतं, त्याची किंगपिन गंजून एक्सलशी असा काही संसार थाटते की दोघांना वेगळं करणं अशक्य होऊन बसतं. मग एकानं पिनेवर पंच, म्हणजे जाड पोलादी कांडी, धरायचा आणि दुसऱ्यानं घण घालायचा. धरणारी मी, मारणारे उस्ताद.

चाळीस वर्षांत त्यांचा घण चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला.

मी जोरात ओरडले, शिवी पण दिली असेन. उस्तादांनी घण खाली ठेवला, माझा हात पाण्याच्या बादलीत बुडवला आणि स्वतः टायरवर बसून राहिले. डॉक्टरकडे एक्सरे काढला. हाड शाबूत होतं, नख तेवढं गेलं. मी परत आले तरी ते तिथंच बसलेले.

"दिसला नाय गो पंच मला," ते म्हणाले. "दोन दिसले. मी चुकीच्याला मारलं."

मी हसले, तेही हसले, पण त्यांचं हसणं नेहमीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला. "तू वर्षभर कटकट करतेस ना एअर हॅमर घेऊ म्हणून? चल, घेऊया."

उस्तादांबद्दल एवढं सांगायला हवं. ते रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरातले. मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडले तेव्हा रबाळ्यातल्या सात गॅरेजांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि "ऑफिसात जागा नाही" असं सांगितलं. मी ऑफिसात जागा मागितलीच नव्हती. आठवं गॅरेज उस्तादांचं. त्यांनी चहा दिला नाही. हातात पाना दिला, एका जाम झालेल्या नटाकडे बोट दाखवलं आणि नमाजाला निघून गेले. परत आले तेव्हा नट निघालेला होता, मी घामाघूम झाले होते. "उद्या नऊला ये," म्हणाले. माझे वडील परभणीकडून इथल्या कारखान्यात कामाला आलेले. त्यांना मी घरी जाऊन सांगितलं, तर ते आईला म्हणाले, "बघ, पोरीला नोकरी लागली," आणि कुठली ते विचारायचं विसरूनच गेले.

तर आम्ही तुर्भ्याला हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काऊंटरवर तीन एअर हॅमर मांडले. पिस्तुलासारखा आकार, पुढं नळी, नळीच्या तोंडाशी छिन्नी बसवायची. आत एक दट्ट्या असतो, हवेच्या दाबानं तो पुढंमागं पळतो आणि छिन्नीच्या बुडावर ठोकत राहतो. आखूड नळीचा भराभर पण हलकं ठोकतो. लांब नळीच्यात दट्ट्याला पळायला जागा जास्त, म्हणून तो सावकाश पण जोरात ठोकतो. मधला म्हणजे मधला.

दुकानदारानं लांब नळीचा उचलला आणि उस्तादांच्या हातात दिला. "चाचा, हा घ्या. एकदम पॉवरफुल. किंगपिन काय, भिंत पाडेल."

उस्तादांनी तो तसाच माझ्या हातात दिला. "ही वापरणार हाय. हिला सांग."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याच्या बँडेजकडे पाहिलं. "मॅडम? मॅडम बिलिंग नाही करत?"

"बिलिंग उस्ताद करतात," मी म्हटलं. "मी किंगपिन काढते."

बिचारा गडबडला आणि मग एकदम आदरानं सगळं दाखवायला लागला. उस्ताद मात्र त्याला एकच प्रश्न परत परत विचारत होते. "हवा किती पितो?"

"चाचा, पॉवर बघा ना."

"पॉवर नको सांगू. भूक सांग. आमचा कॉम्प्रेसर म्हातारा हाय, माझ्यासारखा. ह्याला जेवायला पुरलं नाय तर पॉवर काय कामाची?"

प्रश्न बरोबर होता, आणि मी तो ऐकत नव्हते. मी लांब नळीचा हॅमर दोन्ही हातांत धरून काचेत स्वतःला बघत होते. शेजारच्या डेंटिंगवाल्याचा चेहरा मला दिसत होता. तो रोज मला विचारायचा, "मॅडम, आज कुठला स्क्रू टाइट केला?" हे धूड घेऊन त्याच्यासमोरून जायचं, एवढंच माझ्या डोक्यात. दुकानदारानं मधल्याचा खटका दाबून दाखवला. हळू दाबला तर हळू ठोकतो, जोरात दाबला तर जोरात. लांबवाल्याचा खटका म्हणजे एक तर बंद, नाही तर तुफान. उस्ताद म्हणाले, "हा मधला तुझ्या हाताला बरा वाटतोय."

"नको. हाच घेऊ," मी म्हटलं. लांबवाला.

उस्तादांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "वापरणार तू," म्हणाले आणि विषय संपवला.

गॅरेजात आल्यावर हवेचा पाइप जोडला, आत दोन थेंब तेल सोडलं, छिन्नी बसवली. छिन्नी अडकवून ठेवायला पुढं एक जाड स्प्रिंग असते, ती फिरवून घट्ट करायची. मी फिरवली, पण अर्धीच. तोवर डेंटिंगवाला दारात येऊन उभा राहिला होता ना. मी हॅमर वर धरला आणि त्याला आवाज ऐकवावा म्हणून हवेतच खटका दाबला.

छिन्नी सुटली ती थेट आमच्या पाण्याच्या निळ्या पिंपात. पिंपाला भोक. बारीक धार बाहेर पडली आणि नेमकी डेंटिंगवाल्याच्या पँटवर. तो दोन उड्या मारत मागं गेला.

उस्ताद उठले, पिंपाजवळ गेले, भोकाला बोट लावलं. धार थांबली.

"नेम बरा हाय तुझा," म्हणाले. "आता ऐक. आधी टेकव, मग दाब. छिन्नी लोखंडाला टेकल्याशिवाय बोट हलवायचं नाय. टेकव, दाब. सोड, मग उचल. म्हण."

डेंटिंगवाल्यासमोर मी लहान मुलीसारखं म्हटलं, "टेकव, दाब. सोड, उचल."

त्यानंतर किंगपिनेला मात्र त्या धुडानं न्याय दिला. उस्तादांनी गॅसनं एक्सल तापवला, मी हॅमर टेकवला, दाबला, आणि दोन दिवस छळणारी पिन पाच मिनिटांत खाली. मी खूश. पण पुढच्या पंधरा दिवसांत कळलं की रोज काही किंगपिन नसते. सायलेन्सरचा गंजलेला क्लँप कापायला घेतला, तर क्लँपसकट सायलेन्सर फाटला. टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्यातली बुश नावाची नळी काढायला गाडीखाली गेले, तर नळी इतकी लांब की छिन्नी टेकवायला जागाच उरेना. शिवाय दोन मिनिटं चालवला की आमचा कॉम्प्रेसर धापा टाकायला लागायचा आणि हॅमर शिंकल्यासारखा आवाज करून थांबायचा. संध्याकाळी भाजी चिरताना माझा हात थरथरायचा. उस्ताद सगळं बघत होते. "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

सुटका डेंटिंगवाल्यानं केली. त्याच्याकडे मधल्या नळीचा हॅमर होता, पत्रे कापायला अगदी नेमका. पण तो रोज चहाला आला की माझ्या लांब नळीवरून हात फिरवायचा. एक दिवस सहज बोलल्यासारखा म्हणाला, "मॅडम, तुम्हाला जड जातो ना? माझा हलका आहे. पाहिजे तर बदलून... म्हणजे तुमच्यासाठी बोलतोय मी."

मी विचार करत असल्याचं नाटक केलं. एक अख्खा दिवस केलं. दुसऱ्या दिवशी उपकार केल्यासारखा चेहरा करून हॅमर बदलून घेतला. तो आपल्या गॅरेजात गेला आणि आतून शिट्टी वाजवल्याचा आवाज आला. इकडे मीही शिट्टी वाजवत होते. उस्ताद म्हणाले, "दोघांनी एकमेकाला फसवलं आणि दोघंही खूश. असा धंदा मी उभ्या जन्मात बघितला नाय."

मधल्या हॅमरशी माझं जमलं. बोटानं खटका किती दाबायचा ते हाताला कळायला महिना लागला. छिन्नीऐवजी गोल चपट्या तोंडाचं टोक लावलं, तर तो कापत नाही, नुसता थरथरवतो, हेही कळलं. जाम नटाच्या अंगाला ते टोक टेकवून थोडा वेळ थरथरवायचं, गंज भुग्यासारखा गळतो, मग तेल सोडायचं आणि साध्या पान्यानं नट फिरवायचा. हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. उस्तादांनाही हॅमर नवा होता, पण लोखंड जुनं होतं. मी हॅमर चालवायची आणि ते शेजारी बसून लोखंडावर तळहात ठेवायचे. आत काही सुटलं की त्यांना हातात कळायचं, माझ्या डोळ्यांना दिसायच्या आधी.

सानपाड्याला मी राहते तिथल्या बाजारात सारसोळ्याची एक कोळीण मावशी बसायची. मी तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. माझ्या अंगठ्याची सगळी कहाणी तिला पाठ होती. "मंग भाकरी कशी थापतेस?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "थापत नाही, भात लावते." तेव्हापासून ती मला मिस्त्रीन म्हणायची.

एका शनिवारी तिनं मांदेली मोजता मोजता हात थांबवला. "मिस्त्रीन, तुज्या त्या हवेच्या हातोड्यानं गंजलेली पिन निघंल काय?"

"कसली पिन?"

"होडीच्या सुकानूची. सुकानू काढल्याबिगर इंजिनाचा पंखा बदलता येत नाय, आन् पिन निघत नाय. माजा दीर दोन दिस घन मारतंय. पिन जाग्यावर हाय. होडीच हलाय लागली हाय."

मला होडीतलं काही कळत नव्हतं. पण जाम झालेली पिन म्हणजे जाम झालेली पिन. उस्तादांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "भरती किती वाजता?" मावशीनं वेळ सांगितली. "मग सकाळी ओहोटीला जाऊ," उस्ताद म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून पेट्रोलवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर मागून घेतला, टेम्पोत टाकला आणि सारसोळ्याच्या जेट्टीवर पोचलो. पाणी लांब गेलं होतं. तिवरांच्या कडेला, काळ्या चिखलात, मावशीची होडी एका कुशीवर कलंडून पडली होती. मागच्या बाजूला सुकाणू. ते दाराच्या फळीसारखं दोन बिजागऱ्यांवर बसवलेलं असतं. वरची पिन निघाली होती. खालची तशीच. दिरानं मारलेल्या घणांनी होडीच्या मागच्या फळ्यांच्या सांध्यातला भरणा सुटायला लागला होता.

दिरानं आधी उस्तादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही मारनार? माज्या हातानं नाय निघाली ती हिच्या हातानं निघंल?"

मावशी पदर खोचत म्हणाली, "तुज्या हातानं निघाली नाय म्हनूनच तिला आनली ना?"

पहिला प्रयत्न फसला. कॉम्प्रेसर जेट्टीवर, होडी चिखलात, मधे लांबलचक बारीक पाइप. हॅमर लावला तर आजारी माणसासारखा टुकटुक करायला लागला. हवा पाइपातच दमत होती. कॉम्प्रेसर जवळ आणायला हवा होता, आणि चिखलात तर गुडघाभर पाय जात होता.

दीर गेला आणि एक छोटं होडकं ओढत घेऊन आला. त्यात कॉम्प्रेसर ठेवला, दोर बांधला आणि चार-पाच कोळ्यांनी मिळून ते होडकं चिखलावरून घसरगुंडीसारखं ओढलं. कॉम्प्रेसर होडकं-सवारी करत होडीपाशी आला. मागे टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक मोबाईलवर शूटिंग करत होते.

पाइप अर्धा कापून लहान केला. पिनेचं डोकं वर होतं, म्हणजे ती खालून वर ठोकायला हवी. बिजागरी आणि चिखल यांच्यात हातभर जागा. एक फळी टाकली आणि मी तिच्यावर उताणी झोपले. कानात बोळे, डोळ्यांना चष्मा. लांब नळीचा हॅमर असता तर तो तिथं मावलाच नसता. उस्ताद माझ्या डोक्याशी उकिडवे बसले आणि बिजागरीवर तळहात ठेवला.

मी टोकदार पंच लावायला गेले, तर त्यांनी मान हलवली. बोळ्यांमुळे ऐकू येणार नाही म्हणून वाकून कानाशी म्हणाले, "पिनेला आता हात नको लावू. आधी बाहेरच्या लोखंडाला गुदगुल्या कर."

गोल तोंडाचं टोक लावलं. दिराला सांगून दुसऱ्या बाजूनं एक जड लोखंडी ठोकळा धरून ठेवला, म्हणजे धक्का फळ्यांना न जाता ठोकळ्यात जाईल. टेकवलं, हळूच दाबलं. हॅमर घुर्र करायला लागला. बिजागरीभोवती गोल गोल फिरवत राहिले. लाल गंज चष्म्यावर, तोंडावर, नाकात. दहा-पंधरा सेकंद चालवायचा, टाकी रिकामी, मग हवा भरेपर्यंत थांबायचं. थांबलं की उस्ताद वरून तेल सोडत. पुन्हा घुर्र. किती वेळ असं चाललं कोण जाणे. खांदे भरून आले. मधेच पाठीला गार लागलं. आधी वाटलं घाम. मग पाय हलवला तर छपछप झालं. मावशी हातवारे करून ओरडत होती, मला ऐकू येत नव्हतं. बोळा काढला.

"पानी आलं गो! ऊठ!"

"उस्ताद?" मी विचारलं.

उस्ताद हलले नाहीत. डोळे मिटलेले, हात बिजागरीवर. "अजून एकदा," म्हणाले.

मी पुन्हा घुर्र केलं. आणि ते एकदम म्हणाले, "हलली."

मला काहीच दिसत नव्हतं. पिन होती तिथंच होती. "कुठं हलली?"

"हलली सांगतोय ना! पंच लाव. आता मार."

टोक बदललं. स्प्रिंग पूर्ण घट्ट फिरवली, पिंप आठवून. पंच पिनेच्या बुडाला टेकवला आणि खटका शेवटपर्यंत दाबला. पाणी माझ्या खांद्याला लागत होतं. हॅमरचा आवाज बदलला, कोरडा होता तो पोकळ झाला. पिन नखभर वर सरकली. मग बोटभर. मग सुटलीच. वर दिरानं ती झेलली आणि लगेच सोडून दिली, इतकी तापली होती.

सगळे एकदम ओरडले. दोघांनी मला फळीसकट बाहेर ओढलं. मी चिखलानं आणि गंजानं इतकी माखले होते की मावशीनं आधी माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मग मिठी मारली. दीर पिन हातात घेऊन उलटसुलट बघत होता. "हिच्या मायला," एवढंच म्हणाला. नंतर माझ्याकडे आला. "तो हातोडा जरा दावा की."

मी दाखवला. "आधी टेकवा, मग दाबा," असंही सांगितलं. त्यानं एका जुन्या नांगरावर टेकवून दाबला आणि लहान मुलासारखा हसत सुटला. कॉम्प्रेसरमधलं पेट्रोल संपेपर्यंत सारसोळ्यातले सगळे पुरुष रांगेनं त्या नांगराला ठोकत होते.

नवी पिन उस्तादांनी ओळखीच्या लेथवर उभं राहून करून घेतली, मधून ग्रीस जायला बारीक भोक पाडून. पुढच्या आठवड्यात पंखा बदलला, सुकाणू बसवलं, फळ्यांचे सांधे भरले. त्या रविवारी भरतीला मावशीनं आम्हा दोघांना बोलावलं. घरी तांदळाची भाकरी आणि कालवण होतं, पण आधी होडी फिरवून आणायची असं तिचं म्हणणं.

उस्तादांनी चप्पल काढून हातात घेतली आणि कुणाचा हात न धरता होडीत चढले. पुढच्या टोकाशी जाऊन बसले, पाय पाण्याच्या बाजूला सोडून. इंजिन सुरू झालं. खाडीतला वारा लागला तसे ते काहीतरी गुणगुणायला लागले. इतक्या वर्षांत गॅरेजात मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, आज गाणं कसं काय.

"माझा बाप होडी चालवायचा," ते म्हणाले. "मी इकडं आलो तो परत होडीत बसलोच नाय. वेळच नाय झाला." मग म्हणाले, "तसं नाय. बसलो असतो तर परत गॅरेजला गेलो नसतो."

एवढं बोलून ते पुन्हा गुणगुणायला लागले.

मागून मावशीनं हाक मारली. "मिस्त्रीन, इकडं ये. तू सोडवलंस ना? मंग धर आता."

सुकाणूचा दांडा माझ्या हातात आला. मी गाडीच्या स्टेअरिंगसारखा तो उजवीकडे ओढला, होडी डावीकडे वळली. घाबरून डावीकडे ओढला, होडी उजवीकडे. दीर काहीतरी ओरडला, मावशी काहीतरी ओरडली, आणि मी दोघांचं ऐकण्याच्या नादात होडी सरळ तिवरांच्या चिखलात नेऊन घातली.

इंजिन बंद पडलं. एक बगळा उडाला.

"सुकानू एकदम झकास फिरतंय," दीर म्हणाला आणि पँट वर करून चिखलात उतरला. मागोमाग मी आणि उस्तादही उतरलो, हसू आवरत नव्हतं त्यांना. मावशी वरून दांडा घट्ट धरून बसली होती आणि आम्ही तिघं गुडघाभर चिखलातून होडी ढकलत होतो.